इनफ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं की न घेणारं?

मी तळोजा एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत सेफ्टी बघतो. शटडाऊन चालू होता, ऊन मरणाचं, आणि सॉल्व्हंट स्टोअरच्या मागे शेडचा एक गंजलेला अँगल कापून नवा बसवायचा होता. हॉट वर्क परमिटवर, म्हणजे ठिणग्या उडतील अशा कामाच्या लेखी परवानगीवर, अजून सही झालेली नव्हती, मी गॅस डिटेक्टर घेऊन तिकडेच निघालो होतो, बघतो तर कॉन्ट्रॅक्टरचा पोरगा आधीच ग्राइंडर जोडून बसलेला आणि हाताच्या अंतरावर टोल्युइनचे, म्हणजे रंग पातळ करायच्या सॉल्व्हंटचे, ड्रम. मी लांबूनच बोंबललो, आधी प्लग काढ!

काढला त्याने. पण चेहरा असा की साहेब उगाच तापलेत. म्हटलं अरे ड्रमवर काय लिहिलंय ते वाचलं नाहीस का? तर म्हणतो, "वाचलं ना साहेब. इनफ्लेमेबल लिहिलंय, म्हणून तर इथे बसलो."

मला दोन मिनिटं काही सुचेना. बारावी झालेला पोरगा, इंग्रजी बऱ्यापैकी येणारा. त्याचा हिशोब असा की इनकम्प्लीट म्हणजे पूर्ण नसलेलं, इनअ‍ॅक्टिव्ह म्हणजे चालू नसलेलं, मग इनफ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं. आता यात चूक काढायची कुठे? ज्याला इंग्रजी अजिबात येत नाही तो लाल रंग बघूनच चार हात लांब राहिला असता, हा वाचता येतं म्हणून जवळ बसला.

त्याला सांगितलं की बाबा हा 'इन' नकाराचा नाही, लॅटिनमधून आलाय, तिथे त्याचा अर्थ 'आत'. डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात ना, आतून आग आग होणं, त्याच घरातला शब्द. म्हणजे फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्ही एकच, भडकणारं. हा घोळ काही आपल्याकडचाच नाही बरं का, अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकातच 'इनफ्लेमेबल सोडा, फ्लेमेबल लिहा' म्हणून आग्रह धरायला सुरुवात केली होती. आपल्याकडे मात्र टँकरच्या मागे अजून 'हायली इनफ्लेमेबल' रंगवलेलं दिसतंच.

पोरगा ऐकून गप्प झाला, मग बाजूच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाला, "पण साहेब ते तर एम्प्टी आहेत, त्यांच्याजवळ कापू का?"

खरा घाम मला इथे फुटला. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ सुटते तो आकडा, 4 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे बारा महिने तेवढी वाफ निघतच असते, वर ती हवेपेक्षा तिप्पट जड, जमिनीलगत पसरते. भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागाच कमी, पण 'रिकाम्या' ड्रमच्या तळाला वाटीभर उरलेलं असतं आणि वर सगळी वाफ नि हवा. त्या हवेत साधारण 1 ते 7 टक्के वाफ असली की ठिणगीच पुरे. बेंजामिन ली व्होर्फ नावाचा माणूस, भाषेच्या अभ्यासात मोठं नाव, पोटापाण्यासाठी हार्टफर्ड फायर इन्शुरन्समध्ये आगीच्या केसेस बघायचा. त्याने हेच लिहून ठेवलंय, पेट्रोलच्या भरल्या ड्रमपाशी लोक जपून वागतात आणि 'एम्प्टी' लिहिलेल्या ड्रमपाशी बिनधास्त सिगारेट ओढतात. वाचलं होतं कधीतरी, त्या दिवशी समोर बघितलं.

डिटेक्टर त्या रांगेशी खाली जमिनीलगत धरला तर लगेच ओरडायला लागला. पोराने स्वतःहून ग्राइंडर उचलला आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवला.

तेवढ्यात स्टोअरचे काका आले, नोकरी सगळी इथेच गेलेली. म्हणाले, "एवढं काय घाबरताय, आतली मोटर फ्लेमप्रूफ आहे, तिला आग लागतच नाही." घ्या! काका, फ्लेमप्रूफ म्हणजे आग न लागणारी नाही हो, आत गॅस शिरून भडका उडालाच तर तो पेटीच्या आतच राहावा, बाहेरचा गॅस पेटू नये म्हणून केलेलं ते जाडजूड खोकं. एक बोल्ट ढिला ठेवलात तरी त्याला अर्थ उरत नाही. काकांनी मान डोलावली, पण पटलं असं काही वाटलं नाही.

अँगल शेवटी बोल्ट खोलून काढला आणि कापायचं काम वर्कशॉपमध्ये केलं. संध्याकाळी सगळ्या ड्रमवर ज्वाळेचं चित्र असलेले लाल चौकोन चिकटवून घेतले, खाली मराठीत 'लगेच पेट घेते', आणि एम्प्टी खोडून 'आत वाफ आहे'. परचेसवाल्यांनी विचारलं की स्टिकरचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा. म्हटलं तुम्हाला हवा तिथे टाका. आणि तो पोरगा जाता जाता विचारतो, "साहेब, इनव्हॅल्युएबल म्हणजे तरी बिनकिमतीचं ना?" म्हटलं नाही रे, किंमतच करता येणार नाही इतकं मोलाचं. "जाऊ द्या साहेब," म्हणाला आणि हेल्मेट घेऊन गेटकडे निघाला.