लेकीच्या हाताखाली, तानसेनला

मंगळवार, रात्री

नेपाळातल्या तानसेन गावात पोचून आत्ता कुठं निवांत बसले. हे घोरायला लागलेत, आणि लेक, मुलगा खाली बाकीच्या टीमबरोबर उद्याचं ठरवतायत. आम्हाला त्या मीटिंगला बोलवलेलं नाही, बरंच झालं, कंबर धरलीये.

सोनौलीचं, म्हणजे नेपाळच्या बॉर्डरचं, आधी लिहून ठेवते नाहीतर विसरायची. मला वाटलेलं बॉर्डर म्हणजे काहीतरी दांडगं प्रकरण असेल, तर एक कमान, तिच्याखालून ट्रक, रिक्षा, सायकली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका असं सगळं एकदम चाललेलं आणि त्याच गर्दीत आपण पण चालत चालत परदेशात. व्हिसा लागत नाही आपल्याला. लेकीने बजावून ठेवलेलं की आधार कार्ड नको, मतदान कार्ड घ्या, आणि शंभराच्या नोटा घ्या. आपल्या शंभराचे तिकडचे एकशेसाठ होतात, त्यामुळे ह्यांना पाच मिनिटं श्रीमंत झाल्यासारखं वाटलं, मग चहाचा भाव ऐकून गप्प बसले. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. ते पण लेकीनेच करून दिलं, माझं आणि ह्यांचं.

बुटवल सोडलं की घाट लागतो आणि मग काही विचारू नका. एका बाजूला डोंगर कोसळून रस्त्यावर आलेला, दुसऱ्या बाजूला थेट दरी, आणि ड्रायव्हर फोनवर. मी डोळे मिटून बायबलातलं स्तोत्र १२१ म्हणत बसले. मुलगा मागून म्हणतो, मम्मी, त्यात डोंगराकडे डोळे लावायचेत, मिटायचे नाहीत.

बुधवार

टीममधली सगळी पोरं पुण्यातल्या चर्चच्या तरुण संघाची, पंचवीस-तीसच्या आतली. म्हातारी आम्ही दोघंच. लेकीने फोनवर विचारलं होतं, येता का, तर हे म्हणाले कशाला तुमच्या गळ्यात लोढणं. ती म्हणाली, लोढणं कसलं, इथल्या चर्चच्या होस्टेलचं वायरिंग जळालंय आणि आमच्यात एकालाही टेस्टर धड धरता येत नाही. ह्यांची सगळी नोकरी वीज बोर्डात गेली, मग काय, बॅगेत कपड्यांच्या आधी पक्कड गेली. माझ्याकडे होस्टेलच्या मुलींची गणितं आणि रंगकामाची मदत.

टीमचे नियम मात्र कडक आहेत आणि ते सगळे आमच्या लेकीने लिहिलेत. रस्त्यात उभं राहून प्रचार नाही, पत्रकं वाटायची नाहीत, कुणाच्या घरी न बोलावता जायचं नाही. ह्यातलं अर्धं कायद्यामुळे आहे. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेनेच धर्मांतर करवायला बंदी घातलीये, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून वर हकालपट्टी. आपण निघून जाऊ, पण निस्तरावं लागेल इथल्या चर्चच्या पाळकसाहेबांना, असं ती म्हणते. म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले रंग द्या की रंग द्यायचा.

उरलेले नियम कायद्याचे नाहीत, तिचे स्वतःचे आहेत. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. आणि कुणीही आपल्या हाताने काहीही वाटायचं नाही, जे आणलंय ते पाळकबाईंकडे द्यायचं आणि विषय संपला.

गुरुवार

आज त्याच्यावरूनच बापलेकीची जुंपली. ह्यांनी येताना कॅम्पातून पिशवीभर स्वेटर-टोप्या घेतलेल्या, कुणाला न सांगता. त्यांच्या डोक्यात चित्र असणार की थंडीत कुडकुडणारी पोरं, आपण एकेकाच्या डोक्यात टोपी घालतोय वगैरे. (इथं कुणी कुडकुडत नाही, दुपारी आम्हालाच घाम फुटतो.) लेकीने पिशवी बघितली, म्हणाली पप्पा हे तसंच पाळकबाईंकडे जाईल, कुणाला काय लागतं त्यांना माहितीये. हे म्हणाले, अगं मी माझ्या पैशाने आणलंय, एक फोटो तरी काढू दे आपल्या चर्चच्या मंडळीला दाखवायला. ती म्हणाली नाही. त्यावर हे जेवायला बसेनात. साठी ओलांडलेला माणूस रुसून स्टुलावर बसलाय, हातात जळका होल्डर, आणि खाली ती कमरेवर हात ठेवून उभी, अगदी माझी सासू. टीममधली पोरं खाली मान घालून भिंती घासत होती.

मी मध्ये पडले नाही. पण रात्री तिला गच्चीत गाठून सांगितलं की तुझं बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते तुला माहीत नसेल.

मी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढले. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझं कंपाउंड नगरलाच राहणार. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत उतरले आणि १८३१ ला नगरला आले, शाळा, चर्च, आम्ही, सगळं त्यातून उभं राहिलेलं. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. ७२ च्या दुष्काळात मिलो (मदतीत आलेली परदेशी ज्वारी) खाल्लाय आम्ही, तो लालसर, भाकरी धड थापता न येणारा. आणि नाताळच्या आधी अमेरिकेतून खोके यायचे. एका वर्षी मला फ्रॉक आला, निळा, मागं मोठा बो, आणि माझ्याबरोबर माझी धाकटी बहीणही मावेल एवढा ढगळ. आईने पाठीमागून चार पिना लावल्या आणि आम्हा सगळ्या पोरींना चर्चच्या पायऱ्यांवर उभं केलं, कारण ज्यांनी पाठवलं त्यांना फोटो पाठवायचा होता. मिशनची मॅडम चांगली होती हो, प्रेमळ होती, तिच्याबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ रेटत नाही, तिने शिकवलं म्हणून मी शिक्षिका झाले. पण पिना टोचत होत्या आणि हसायचं होतं. आणि शेजारच्या गल्लीतल्या पोरी कुंपणातून बघत होत्या, ते मला अजून आठवतं, फ्रॉकपेक्षा जास्त.

लेकीला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने हे नियम कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये शिकून आणलेत. ऐकून म्हणाली, मम्मी तू हे टीमला सांगशील का? मी म्हटलं, छे, तुझ्या टीमसमोर मी कशाला रडगाणं गाऊ. बघू.

आमच्यासारखी देणगीच्या पिठावर वाढलेली माणसं आता बाहेरगावाहून आलेली मिशनवाली म्हणून दुसऱ्यांच्या दारात उभी राहतात, हे मला इथं आल्यापासून सारखं खुपतंय आणि आवडतं पण आहे. दोन्ही. आमच्या मॅडमला कुणी नाही म्हणणारं नव्हतं. माझ्या लेकीला इथले पाळकसाहेब सरळ सांगतात, हे नको, आणि ती वहीत लिहून घेते.

शनिवार

इथं साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यामुळे उपासना पण शनिवारीच. हे म्हणाले चला, आपण आता स्पायसरवाले झालो, पुण्यातले ते शनिवार पाळणारे ख्रिस्ती. (राग गेला वाटतं.) चप्पल बाहेर, खाली सतरंजीवर बसायचं, बाया एकीकडे आणि बाप्ये एकीकडे, मादल (इथला ढोल) वाजत होता आणि सगळे टाळ्या वाजवत उभे राहून गात होते. भेटलं की जयमसीह. लिपी देवनागरी असल्याने मी नेपाळी बायबल बऱ्यापैकी वाचत होते, अर्धं कळत होतं, अर्धं पाठ असल्यामुळे. पाळकसाहेबांनी सांगितलं की हे पूर्ण बायबल १९१४ साली दार्जिलिंगला तयार झालं, कारण तेव्हा नेपाळात मिशनऱ्यांना पाऊल ठेवायला बंदी होती. दार उघडलं १९५० नंतर, तेही पक्ष्यांमुळे म्हणायचं. मसुरीच्या शाळेतला फ्लेमिंग नावाचा अमेरिकन मास्तर पक्षी गोळा करायला परवानगी काढून ह्या पाल्प्याच्या (तानसेनचा जिल्हा) डोंगरात आला, त्याच्या माणसांकडे आजारी लोक यायला लागले, आणि त्यातून १९५४ मध्ये इथं तानसेनला मिशन हॉस्पिटल निघालं. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती १.७६ टक्के. थोडेच आहेत, पण हॉल भरलेला होता, खिडकीत पण पोरं.

नंतर सगळ्यांचं जेवण. मला बटाटे सोलायला बसवलं एका मगर (ही इथली एक जमात) आजीशेजारी. चुकौनी करायची होती, इथली खासियत, म्हणजे उकडलेला बटाटा, दही, कांदा, मिरची आणि वरून हळद घालून तेलात मेथीदाण्याची फोडणी. मेथी चांगली काळपट होईपर्यंत तळतात, मी म्हटलं जळली, तर आजी हसली. आमची दह्यातली कोशिंबीरच, फक्त कडवट, आणि त्या कडवटपणानेच मजा येते.

आजीला हिंदी येत होतं, नवरा पूर्वी लखनौला वॉचमन होता. तिने विचारलं ती उंच मुलगी तुझी का. म्हटलं हो, आणि तो शिडीवरचा मुलगा पण माझाच. तुम्ही पोरांबरोबर आलात? तिने दोनदा विचारलं. तिचा मुलगा कतारला आहे, बांधकामावर, गेली कित्येक वर्षं. फोनवर तोंड दिसतं, म्हणाली, पण मागं नेहमी भिंतच असते, कुठं राहतो, काय खातो, कोण ओरडतं त्याच्यावर, काही दिसत नाही. तू बघितलंस ना तुझी मुलगी काय काम करते ते?

मी म्हटलं बघितलं. मग दोघी पुढचे बटाटे सोलायला लागलो. तिचा मुलगा चर्चला यायचा का, पाठवलेले पैसे पुरतात का, काहीही विचारलं नाही मी. असल्या वेळी विचारायला सुचत नाही.

रविवार

सकाळी इथल्याच श्रीनगर नावाच्या टेकडीवर नेलं पोरांनी. धौलागिरी, अन्नपूर्णा, सगळे दिसले. गुडघ्यांनी फार निषेध केला.

वायरिंग झालं. ह्यांनी मेन स्विच टाकला आणि वरच्या मजल्यावरचे सगळे दिवे लागले तेव्हा होस्टेलच्या पोरी ओरडल्या, आणि हे असे गंभीर तोंड करून खाली आले जसं काही रोजचंच आहे. स्वेटरचं पुढं काय झालं ते पाळकबाईंनी सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही, माझ्या दृष्टीने हा मोठाच चमत्कार. पण अर्थिंग नीट नाही म्हणे, खड्डा घेऊन पाइप, मीठ, कोळसा घालून परत करावं लागेल, आणि ते आज होत नाही. माप घेऊन ठेवलंय त्यांनी, माझ्याच वहीच्या मागच्या पानावर, न विचारता. लेकीने ते बघितलं आणि काही बोलली नाही, फक्त पुढच्या वेळच्या यादीत दोन नावं वाढवली.

उद्या जीप सहाला. ती सहा म्हणाली म्हणजे आम्ही साडेपाचला बॅगा घेऊन खाली.