तीसच्या दशकातलं लग्न, घरच्या हातांनी: तयारी कुठवर आली

काळ पक्का झाला: १९३० ते १९३९. नुसतं ‘विंटेज’ म्हणून सुरुवात केली की व्हिक्टोरियन लेस, साठच्या दशकातला रेकॉर्ड प्लेअर आणि तागाची दोरी एकाच टेबलावर येतात आणि ते टेबल कुठल्याच काळाचं राहत नाही. दशक ठरलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. उदाहरणार्थ, लाँग प्लेइंग रेकॉर्ड १९४८ साली बाजारात आली, म्हणजे आमच्या सजावटीत ती बसत नाही. फ्युचुरा हे अक्षरवळण १९२७ चं, ते बसतं. रंगही त्याच शिस्तीत निवडले: गडद निळा, सायीसारखा पांढरा आणि थोडी चांदी.

दुसरं ठरवलं ते असं, की कुठलीही वस्तू मुद्दाम जुनाट करायची नाही. चहात बुडवलेला कागद, मेणबत्तीवर जाळलेल्या कडा, फोटोंवर तपकिरी छटा, हे सगळं वगळलं. १९३५ साली ज्यांच्या हातात लग्नपत्रिका पडली त्यांना ती कोरी करकरीत मिळाली होती. कागद पिवळा पडला तो नंतर, लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निन या घटकामुळे आणि आम्लामुळे. आम्हाला त्या दिवशीची ताजी वस्तू हवी आहे. त्यामुळे जिथे जमेल तिथे तेव्हाची पद्धत वापरायची आणि वस्तू नवीच राहू द्यायची. या एका नियमानं कामं वाढली, पण प्रत्येक काम करावंसं वाटू लागलं.

पत्रिका: छापून झाल्या

सगळ्यात जास्त जीव इथे ओतला. पत्रिका सायनोटाइपनं छापल्या, म्हणजे उन्हानं कागदावर निळी प्रत उमटवायच्या पद्धतीनं. तिचा शोध ब्रिटिश शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली लावला आणि पुढच्याच वर्षापासून वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी सागरी शैवालांचे निळे ठसे याच पद्धतीनं प्रसिद्ध करायला घेतले. तीसच्या दशकाशी या पद्धतीचं नातं जुळतं ते मात्र कचेऱ्यांमुळे. वास्तुविशारद आणि अभियंते आपल्या आराखड्यांच्या प्रती याच रसायनांनी काढत, त्याच ब्लूप्रिंट. माझा होणारा नवरा आराखडे काढण्यात मुरलेला आहे, म्हणून पत्रिकाच आराखड्यासारखी करायची ठरलं: निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांत सभागृहाचा नकाशा, दारापाशी बाण, मापांच्या जागी तारीख आणि वेळ, खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आमची दोघांची नावं.

कृती अगदी सरळ आहे. हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात, आणि पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात. दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवायची आणि कागदाला लावण्याच्या जरा आधी समप्रमाणात मिसळायची. हे मंद पिवळ्या दिव्याखाली करता येतं. ब्रश असा हवा की ज्याला धातूची पट्टी नाही. हातमोजे घालायचे, भांडी स्वयंपाकाची वापरायची नाहीत आणि फेरीसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही आणायचं नाही, त्यातून विषारी वायू सुटू शकतो.

आता आराखड्याची गंमत. फोटोचा सायनोटाइप करायचा तर निगेटिव्ह लागते. रेघांच्या चित्राला ती लागत नाही, कारण ट्रेसिंग कागदावरची काळी रेघ अतिनील किरण अडवते, तिच्याखालचं रसायन तसंच राहतं आणि पाण्यात धुऊन निघून जातं. काळी रेघ थेट पांढरी उमटते. टाकानं काढलेला मूळ आराखडाच आपला ठसा होतो. एक युक्ती जरूर करा: चित्र ट्रेसिंगच्या उलट बाजूनं, आरशातल्यासारखं काढा. म्हणजे छापताना शाईची बाजू रसायनाला चिकटून बसते आणि रेघ धारदार येते. शाई वरच्या बाजूला राहिली तर कागदाच्या जाडीत प्रकाश पसरतो आणि बारीक अक्षरांच्या कडा मऊ पडतात. आठ पॉइंटाच्या अक्षराला हा फरक डोळ्यांनी दिसतो.

वरून काच घट्ट दाबून उन्हात ठेवायचं. साधी काच चालते. तसबिरींसाठी मिळणारी अतिनील किरण रोखणारी काच अजिबात चालत नाही. वेळ घड्याळापेक्षा रंगावर ठरवा. पिवळट हिरवा रंग आधी निळसर होतो, मग त्यावर राखाडी, कांस्यासारखी झाक चढते, तिथे थांबायचं. ट्रेसिंग कागद बराच प्रकाश खातो, त्यामुळे पारदर्शक फिल्मपेक्षा वेळ जास्त लागतो. आधी एका पट्टीवर पुठ्ठा सरकवत चाचणी घ्या, दिवसभराचं काम तिच्या भरवशावर चालतं. नंतर साध्या पाण्यात पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. पाणी क्षारयुक्त असेल तर पहिल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकावं, कारण हा निळा रंग अल्कलीनं फिका पडतो. वाळताना हवेतल्या ऑक्सिजननं निळा आणखी गडद होतो, तेव्हा ओल्या प्रतीवरून निकाल लावू नका.

कागदाबद्दल आग्रहानं सांगते. दीर्घकाळ टिकावा म्हणून ज्या कागदात कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं असतं तो एरवी उत्तम, पण सायनोटाइपचा वैरी. त्यातली अल्कली निळा रंग हळूहळू खाते. बफर न केलेला, म्हणजे हे कार्बोनेट न मिसळलेला, सुती कागद मागा. आम्ही ३०० जीएसएमचा घेतला आणि ए६ आकारात, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटर, कापला. तो सी६ पाकिटात, ११४ × १६२ मिलिमीटरमध्ये, छान बसतो.

पत्ते, मोहोर आणि उत्तराची कार्डं

पाकिटांवरचे पत्ते टाक-दौतीनं लिहायचं काम चालू आहे. नव्या निबवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो; तो पुसल्याशिवाय शाई निबवर ठरत नाही, थेंब होऊन घसरते. गडद निळ्या पाकिटावर पांढरं लिहायला ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, पाण्यानं पातळ करून त्यात डिंकाचं थोडं पाणी घालतेय. साईइतका दाट ठेवला की वाहतोही आणि झाकतोही.

लाखेची मोहोर लावायची तर ती आतल्या पाकिटावर. टपालाच्या यंत्रांत कडक लाख तडकते आणि तिचे तुकडे होतात. मोहोर आधी बर्फावर टेकवून गार करायची, पुसायची आणि मग दाबायची. गार धातू लाखेतून स्वच्छ सुटतो.

उत्तराची कार्डं टाइपरायटरवर झाली. यंत्राचा रबरी रूळ वर्षानुवर्षांत टणक होतो, म्हणून कागदामागे आणखी एक जाड कागद लावला की अक्षर खोल, एकसारखं उमटतं आणि टिंबाच्या जागी भोक पडत नाही. जाड कार्ड रुळावर वाकवलं तर त्याला घडी पडते. पातळ कागदावर टाइप करून तो खळीनं कार्डावर डकवणं उत्तम. शाईच्या फितीची अडचण वाटते तेवढी नाही: अर्धा इंच रुंदीची फीत अजून तयार होते आणि आपल्या यंत्राच्या जुन्या चकत्यांवर गुंडाळून घेता येते. म्हणून जुन्या चकत्या कधीही फेकू नका.

प्रत्येक उत्तर-कार्डाच्या मागे पेन्सिलीनं बारीक क्रमांक आणि यादीत त्याच क्रमांकापुढे घराचं नाव. कुणी नाव लिहायला विसरलं किंवा अक्षर लागलं नाही, तरी कार्ड कुणाचं ते कळतं. ही युक्ती कुठल्याही लग्नाला लागू आहे, दशक कोणतंही असो.

पोशाख: कापड कापलं, खालची कड बाकी

तीसच्या दशकाची ओळख म्हणजे उरेब काट. कापड उभ्या धाग्याला ४५ अंशांवर कापलं की ते अंगावरून पाण्यासारखं उतरतं आणि प्लेटा न घालता कमरेला बसतं. फ्रेंच फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी वीसच्या आणि तीसच्या दशकांत हा काट इतक्या उंचीवर नेला की त्या काळाच्या संध्याकाळच्या पोशाखांचं रूपच त्यावरून ठरलं.

शिवणाऱ्यांसाठी माझी मतं. मांजरपाटाचा नमुना इथे फसवतो; तो ताठ असतो आणि रेशमी सॅटिनसारखा लोंबत नाही. साधारण त्याच वजनाच्या स्वस्त, सुळसुळीत कापडाचा नमुना करा. कापड दुहेरी घडीत कापू नका, एकेरी पसरा, खाली पातळ कागद ठेवा आणि कागदासकट कापा. डाव्या-उजव्या भागांसाठी उरेब विरुद्ध दिशांनी घेतला तर मधली शिवण एका बाजूला ओढत नाही. शिवणीला अगदी बारीक झिगझॅग टाका म्हणजे कापड ताणलं तरी टाका तुटत नाही. आणि शिवून झाल्यावर निदान एक अख्खा दिवस पोशाख टांगून ठेवा. उरेब कापड स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, तेही सगळीकडे सारखं नाही. कड त्यानंतरच मापायची. माझा सध्या टांगलेला आहे.

आजीच्या पेटीतून एक जुना रेशमी तुकडाही मिळाला आणि तो पोशाखात घ्यायचा मोह झाला. निरखून पाहिल्यावर ठरवलं, नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या पहिल्या दशकांपर्यंत बरंच रेशीम कथिलाच्या क्षारांनी जड केलेलं असे, कारण रेशमावरचा नैसर्गिक डिंक धुतल्यावर घटलेलं वजन भरून काढायचं असे. तेच क्षार पुढे धागा ठिसूळ करतात. घड्यांवर समांतर चिरा दिसल्या की समजावं, ते कापड शिवणीचा ताण सहन करणार नाही. त्यावर उपाय नाही. आता तो आम्लविरहित कागदात सपाट ठेवलाय आणि लग्नाच्या दिवशी काचेखाली मांडणार आहोत. हाताळण्यापेक्षा पाहण्यात त्याचा मान आहे.

लेस घेताना टोकाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. विक्रेता काय सांगतो यापेक्षा हा मणी खरं बोलतो.

फुलं

क्रेप कागदाची. या कागदाला एकाच दिशेनं ताण असतो. सुरकुत्यांच्या रेषा पाकळीच्या देठापासून टोकाकडे जातील अशी पाकळी कापली तरच अंगठ्यांनी मध्ये ताणून तिला वाटीचा खोलगट आकार देता येतो. रेषा आडव्या गेल्या की पाकळी फक्त लांब होते. बाकी सगळं सरावाचं. उजेडात रंग उडतो, तेव्हा तयार फुलं झाकणाच्या खोक्यात ठेवा.

व्हिक्टोरियन काळ निवडलेल्यांसाठी एक इशारा: त्या काळातली खरीखुरी हिरवी कृत्रिम पानंफुलं विकत घेऊन हाताळू नका. तो हिरवा रंग बऱ्याचदा आर्सेनिकचा असे. लंडनमध्ये कृत्रिम फुलं करणारी माटिल्डा शूरर १८६१ साली, वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी, त्याच विषानं गेली. असं काम करणाऱ्या मुलींचा विचार मनात आला की त्या झळझळीत हिरव्या रंगाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

ग्रामोफोन

उसना मिळालाय आणि चालतो. पाहुणे येत असताना दारापाशी वाजवायचा, नंतरच्या संगीताला ध्वनिवर्धक. किल्लीच्या यंत्राचा आवाज भरलेल्या सभागृहाला पुरत नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं वाजते आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागते, म्हणून तिथे एक माणूस लागतोच. मावसभावानं ते काम मागून घेतलंय. तबकड्या लाखेच्या आहेत, त्या स्पिरिटनं पुसायच्या नाहीत, लाख विरघळते. आणि विनाइलची तबकडी या यंत्रावर एकदाही ठेवू नका, जड सुई तिची रेघ कायमची खरवडते.

बाकी काय

बैठकीचा मोठा आराखडा राहिलाय. तोही सायनोटाइपच, पत्रिकेतल्याच रेघांचा, पण बराच मोठा. सभागृहात जाऊन एक प्रत तिथल्या दिव्यांखाली धरून पाहिली, तेव्हा कळलं की २७०० केल्विनच्या पिवळ्या प्रकाशात हा निळा काळपट दिसतो. टेबलांवर मंद पिवळा प्रकाश हवाच आहे, म्हणून आराखडा आत न लावता खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात उभा करणार. त्यावर टेबलं आणि क्रमांक तेवढे छापायचे. नावं टाइप केलेल्या पट्ट्यांवर आणि पट्ट्या चिरांत खोचलेल्या, म्हणजे शेवटच्या दिवशी कुणाची जागा बदलली तरी पुन्हा छापावं लागणार नाही. एवढा मोठा कागद एकसारखा भिजवून धुवायला कोणतं भांडं वापरता, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. सध्या विचार आहे तो लाकडी चौकटीवर प्लास्टिक पसरून उथळ हौद करायचा.