माफी वेगळी, थकबाकी वेगळी

जेवणाच्या टेबलावर ग्राहकाशी आवाज चढला, तर दुसऱ्या दिवशी मागायची माफी ही बोलण्याबद्दल असावी, येणे रकमेबद्दल नसावी, असे माझे ठाम मत आहे. मध्यंतरी वडोदऱ्यात आमच्याच भागीदारीत असा प्रसंग आला, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या आणि फॅब्रिकेशनचे सुटे भाग करणारे आमचे छोटे युनिट आहे. पत्रा बहुधा रोखीने उचलावा लागतो, कारागिरांचे पगार सात तारखेच्या आत व्हावे लागतात आणि आमची बिले मात्र मोठ्या ग्राहकांच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहतात. त्यामुळे त्या रात्री अलकापुरीतल्या हॉटेलात माझा भाचा जे मुद्दे मांडत होता, त्यांत खोटे काहीच नव्हते. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३ साली आयकर कायद्याच्या ४३बी कलमात झालेल्या दुरुस्तीमुळे, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष ज्या वर्षी दिली जाईल त्याच वर्षी ग्राहकाला खर्च म्हणून दाखवता येते. हे सगळे आमचे ग्राहक शेठ शांतपणे ऐकत होते. मात्र त्यानंतर, ‘आमच्या पैशांवर तुम्ही गाड्या फिरवता,’ असे भाचा बोलून गेला, आणि शेजारी शेठचा नुकताच धंद्यात आलेला मुलगा बसला होता. शेठनी एक शब्दही न बोलता पानातली वेढमी (गुजराती पुरणपोळी) तशीच ठेवली आणि हात धुवायला वाटी मागवली.

रात्रीच व्हॉट्सॲपवर ‘जे काही झाले त्याबद्दल क्षमस्व’ असा निरोप धाडायचा भाच्याचा विचार होता. मी तो थांबवला. कोण काय बोलले याचा त्यात पत्ताच नव्हता, आणि अपमान ज्याच्या देखत झाला त्या मुलापर्यंत तो निरोप पोहोचणारही नव्हता. सकाळी आम्ही फोन करून वेळ मागून घेतली, मुलगाही पेढीवर असावा अशी विनंती केली आणि जेवणाच्या सुट्टीआधी जाऊन आलो. भाचा गुजरातीत बोलला, त्याचा आशय असा : ‘काका, काल तुमच्या मुलासमोर मी तुमच्या दानतीवर बोललो. तसे बोलायला नको होते, आणि ते खरेही नाही. मी माफी मागतो.’ एवढे बोलून तो थांबला. पत्र्याचे भाव, रात्रीचा थकवा, इतर ग्राहकांनी दिलेला त्रास यांपैकी कशाचीही ढाल त्याने पुढे केली नाही, याचे मला फार समाधान वाटले. बिलांचा विषय शेठनीच काढला, तेव्हा मी म्हणालो की तो हिशेब आम्ही स्वतंत्र पत्राने पाठवू, आज त्यासाठी आलेलो नाही.

आमच्याकडची काही वडीलधारी मंडळी म्हणतात की अशा वेळी मिठाईचा डबा न्यावा आणि व्याज सोडून द्यावे. मला ते पटत नाही. माफीच्या भरात व्याज सोडले, तर पुरवठादाराचा तोल गेला की सूट मिळते, एवढेच ग्राहकाच्या लक्षात राहते. आणि माफी मागतामागताच वसुलीची आठवण करून दिली, तर ती माफी म्हणजे सौद्याची सुरुवात ठरते. माणसाचा मान आणि मालाचे पैसे या दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याला द्यायच्याच असतात, पण एकीची भरपाई दुसरीने करता येत नाही.

पुढच्या आठवड्यात बिलवार उतारा आणि बॅलन्स कन्फर्मेशनचा, म्हणजे बाकी मान्य असल्याची सही घेण्याचा, कागद आम्ही पाठवला. हा कागद अनेक लहान कारखानदार टाळतात, ग्राहकाला अविश्वास वाटेल म्हणून. वास्तविक १९६३ च्या मुदत कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे, दाव्याची मुदत संपण्याआधी ग्राहकाने सहीनिशी देणे मान्य केले, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते, त्यामुळे जुनी बाकी असताना या एका सहीचे मोल मोठे असते. माफीनंतर लगेच असा कागद धाडावा का, याचा मी बराच विचार केला. न पाठवता मनात कुढत बसलो असतो, तर तोच राग पुढच्या जेवणात पुन्हा उफाळला असता, असे वाटून पाठवला.

शेठच्या हिशेबनिसांनी सही-शिक्क्यासह तो परत केला. जुन्या बिलांपैकी काहींचे पैसे आले आहेत, उरलेल्यांपुढे त्यांनी तारखा घातल्या आहेत. व्याजाचा मुद्दा अजून खुला आहे. त्यासाठी त्यांच्याच कार्यालयात, दुपारच्या वेळी, दोन्हीकडचे हिशेबनीस घेऊन बसायचे ठरले आहे.