इचलकरंजीतून आशियाच्या बाजारात : आमची वाटचाल

आमची पेढी इचलकरंजीत आहे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथला पैसा सूत, माग आणि कापड यांतच फिरतो. त्यातून उरला तर सोन्यात जातो, पतसंस्थेत ठेव म्हणून बसतो किंवा भिशीत फिरतो. त्या उरलेल्या पैशातला काही भाग शेअर बाजारात आणि म्युच्युअल फंडात नीट लावून देणं हे आमचं काम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आणि माझ्या थोरल्या भावाने ते सुरू केलं. आज माझी पुतणी भागीदार आहे आणि हाताखाली तीन मुलं-मुली आहेत.

सुरुवात शेअर अर्जांपासून झाली. नव्या कंपनीचे छापील अर्ज मुंबईहून पार्सलने यायचे. आम्ही ते वाटायचो, भरून घ्यायचो, बँकेत जमा करायचो. अलॉटमेंट झाली नाही की रिफंड ऑर्डरची वाट बघत लोक महिनोन् महिने दुकानात चौकशीला यायचे. शेअर विकायचा तर ट्रान्सफर डीडवर सही, आणि ती जुळली नाही की बॅड डिलिव्हरी म्हणून कागद परत. वय झालेल्या माणसाची सही वर्षागणिक बदलते, हे कंपनीच्या रजिस्ट्रारला कोण सांगणार? 1996 साली शेअर संगणकात सांभाळणारी एनएसडीएल ही संस्था आली, शेअर कागदावरून संगणकात (त्यालाच डिमॅट म्हणतात) गेले आणि आमच्या कामातली निम्मी कटकट संपली. तरी गावातल्या लोकांची कपाटातली सर्टिफिकेटं डिमॅट करून द्यायला पुढे बरीच वर्षं गेली. आजही एखाद्या घरात आजोबांच्या ट्रंकेतून जुनं सर्टिफिकेट निघतं आणि माणसं आमच्याकडे येतात. ते काम आम्ही आनंदाने करतो.

मुंबईचा शेअर बाजार 1875 सालचा, आशियातला सर्वांत जुना. पण आशिया म्हणून काही वेगळं जग आहे आणि त्याचा आपल्या पैशाशी संबंध आहे, हे आम्हाला 1997 साली कळलं. 2 जुलैला थायलंडने आपलं चलन, बाट, डॉलरपासून मोकळं सोडलं आणि चलनांची रांगच लागली. इंडोनेशियाचा रुपिया एका डॉलरला साधारण 2,400 होता, तो पुढच्या जानेवारीत 10,000 च्या पलीकडे गेला. आमच्या ग्राहकांत सूत व्यापारी बरेच. शेअर बाजार त्यांना परका होता, पण चलन पडलं की बाहेरचा माल स्वस्त होतो हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या प्रश्नांमुळे आम्हालाच अभ्यासाला बसावं लागलं. या देशांनी डॉलरमध्ये थोड्या मुदतीची कर्जं काढली होती आणि इमारती, कारखाने अशा लांब मुदतीच्या कामात घातली होती. पैसे देणाऱ्यांनी ते एकदम परत मागितले. गावातल्या एखाद्या सायझिंगवाल्याने (सुताला खळ लावून देणाऱ्याने) थोड्या मुदतीच्या हुंडीच्या पैशात नवी इमारत बांधली तर काय होईल, असं समजावलं की सगळ्यांना पटायचं.

मग 2009 आलं. 1 ऑगस्टपासून शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने म्युच्युअल फंडावरचा एन्ट्री लोड बंद केला. तोपर्यंत ग्राहकाच्या रकमेतून सव्वादोन टक्के कापले जायचे आणि आमच्यासारख्या वितरकाला कमिशन त्यातूनच मिळायचं. ते थांबलं. जानेवारी 2013 पासून डायरेक्ट प्लॅन आले, म्हणजे वितरकाशिवाय थेट फंडाकडून घ्यायची सोय झाली. आसपासच्या कितीतरी एजंटांनी हा धंदा सोडून पुन्हा विम्याकडे तोंड वळवलं. आम्ही टिकलो, पण हिशेब सांगितला पाहिजे, कारण या व्यवसायात यायला निघालेली तरुण मुलं तो विचारतात. महिना हजार रुपयांची एसआयपी, म्हणजे फंडात ठरलेल्या तारखेला घालायचा हप्ता, घेतली तर पहिल्या वर्षात सरासरी शिल्लक साडेसहा हजारांच्या आसपास राहते. पाऊण टक्का ट्रेल, म्हणजे शिल्लक रकमेवर फंडाकडून वर्षाला मिळणारं कमिशन, धरला तर वर्षाचे पन्नासेक रुपये सुटतात. त्यात केवायसी, बँक मँडेट, दोन-चार फेऱ्या आणि चहा. म्हणजे पहिली काही वर्षं अशा ग्राहकावर पेढीच खर्च करते. तो ग्राहक दहा वर्षं राहिला तरच धंदा. ग्राहकाला एसआयपी चालू ठेवायला सांगण्यात आमचा स्वार्थ आहे, हे मी त्यालाही उघड सांगतो. त्याचं आणि आमचं हित इथे एकाच बाजूला आहे, आणि 2009 चा बदल योग्य होता असं माझं ठाम मत आहे.

2015 च्या ऑगस्टमध्ये याची कसोटी लागली. चीनमध्ये त्या वर्षी लाखो सामान्य माणसं उसने पैसे घेऊन शेअर घेत होती. शांघायचा निर्देशांक 12 जूनला 5,166 वर पोचला आणि ऑगस्ट संपायच्या आत साधारण चाळीस टक्के खाली आला. 24 ऑगस्टला आपला सेन्सेक्स एका दिवसात 1,624 अंकांनी पडला. दुपारभर फोन थांबेना. एक जुने यंत्रमागधारक, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, थेट दुकानात आले.

"दादा, चीनमधलं लोक कर्ज काढून बुडालं, त्यात आमचं काय चुकलं?"

"आप्पा, तुम्ही कर्ज काढलंय का?"

"न्हाई."

"पुढच्या पाच वर्षांत हे पैसे लागणार आहेत का?"

"न्हाई लागत."

"मग तुमचं काही चुकलेलं नाही. बसा, चहा घ्या."

आप्पांनी काही विकलं नाही. आज त्यांच्या नातवाचीही एसआयपी आमच्याकडेच आहे. उसना पैसा आणि बाजार एकत्र आणू नये, हे तेव्हापासून आमच्या पेढीत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगितलं जातं.

कोविडनंतर सगळं बदललं. मार्च 2020 मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, ऑगस्ट 2025 पर्यंत ती वीस कोटींवर गेली. जानेवारी 2023 पासून शेअर विकल्याचे पैसे दुसऱ्याच दिवशी हातात येऊ लागले. अमेरिकेला तिथवर यायला मे 2024 उजाडला. रिफंड ऑर्डरची वाट बघितलेल्या माणसाला याचा केवढा अभिमान वाटतो, हे नव्या पिढीला समजणार नाही. पूर्वी आपला बाजार कसा उघडेल याचा अंदाज घ्यायला आम्ही सकाळी आधी सिंगापूरच्या बाजारातला निफ्टीचा सौदा किती दाखवतोय ते बघायचो. जुलै 2023 मध्ये तो व्यवहारही गुजरातच्या गिफ्ट सिटीत आला.

पण मोबाइलवरून आठवड्याच्या ऑप्शनचा, म्हणजे आठवड्याभरात निर्देशांक वर जाईल की खाली यावर पैसे लावायच्या कराराचा, सट्टाही घराघरात शिरला. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त माणसांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला होता. सगळ्यांचा मिळून आकडा 1.8 लाख कोटींच्या वर. त्यातले 72 टक्के पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे, म्हणजे आमच्यासारख्या गावांतले, आणि 2023-24 मध्ये 43 टक्के तिशीच्या आतले. हे आकडे वाचायच्या आधीच गावातली नावं आमच्या डोळ्यांसमोर होती. वडिलांनी माग विकून आलेले पैसे मुलाने मोबाइलवर घालवले, अशी घरं मी जवळून पाहिली आहेत.

दक्षिण कोरियाने हे आपल्या आधी भोगलं होतं. तिथल्या कोस्पी 200 या निर्देशांकाचा ऑप्शन एके काळी जगात सर्वांत जास्त उलाढालीचा होता, आणि त्यात सामान्य लोक मोठ्या संख्येने होते. 2012 साली तिथल्या यंत्रणेने कराराचा आकार पाचपट केला. लहान रकमेने सट्टा खेळणं अवघड झालं आणि उलाढाल धाडकन खाली आली. आपल्याकडे नोव्हेंबर 2024 पासून सेबीने कराराची रक्कम वाढवली आणि प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवली. मला हे पाऊल चार वर्षं आधी हवं होतं. एका मोठ्या ब्रोकरेज कंपनीने आम्हाला ऑप्शनचं टेबल टाकण्यासाठी चांगली टक्केवारी देऊ केली होती. आम्ही नाही म्हटलं. त्यामुळे पंचविशीतली बरीच मुलं आमच्याकडे आलीच नाहीत, दोन-तीन वर्षं उत्पन्न जागच्या जागी राहिलं, आणि भावाच्या नि माझ्या त्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाल्या. तरीही ते टेबल आमच्या पेढीत येणार नाही.

बाजार वर असतो तेव्हा ग्राहक आपल्या देशापलीकडे बघायला लागतो, आणि ते चांगलंच आहे. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 मध्ये 38,915 वर बंद झाला होता. तो आकडा पुन्हा ओलांडायला 22 फेब्रुवारी 2024 उजाडला. चौतीस वर्षं! हे ऐकून लोक आधी घाबरतात. मी त्यांना दोन्ही बाजू दाखवतो. शिखरावर सगळी पुंजी एकदम घातलेला अडकला, आणि त्या चौतीस वर्षांत दरमहा थोडं थोडं घेणाऱ्याची सरासरी किंमत शिखराच्या कितीतरी खाली राहिली. तैवानचा फंड मागणाऱ्याला आम्ही सांगतो की तिथल्या निर्देशांकात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन चिप बनवणाऱ्या एकाच कंपनीचं आहे, तेव्हा तो देश घेतला म्हणजे बऱ्याच अंशी ती एक कंपनी घेतली. वितरक म्हणून आमची अडचण वेगळीच आहे. म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवायची एकूण मर्यादा सात अब्ज डॉलर. 2022 च्या सुरुवातीला ती भरत आली आणि बऱ्याच योजनांना नवे पैसे घेणं थांबवावं लागलं. तेव्हापासून दार कधी उघडतं, कधी बंद होतं. ग्राहकाने पाच वर्षांचं नियोजन करायचं आणि फंडाने मध्येच एसआयपी थांबवायची, हे बरोबर नाही. ही मर्यादा वाढली पाहिजे.

सप्टेंबर 2024 च्या अखेरीस बीजिंगने, म्हणजे चीन सरकारने, अर्थव्यवस्थेसाठी मोठ्या सवलती जाहीर केल्या आणि परदेशी पैशाची नजर तिकडे वळली. इथले शेअर महाग झालेलेच होते. परदेशी संस्थांनी ऑक्टोबरच्या एका महिन्यात आपल्या शेअर बाजारातून 94 हजार कोटींच्या आसपास काढले. 1997 चा आशिया पाहिलेल्या माणसाच्या पोटात गोळा यावा असा तो आकडा. पण या वेळी घरचा पैसा उभा राहिला. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एसआयपीचा मासिक आकडा एकदाही 25 हजार कोटींच्या खाली गेला नाही, आणि मार्च 2025 अखेर शेअर बाजारातला देशी संस्थांचा वाटा परदेशी संस्थांच्या वर गेला. त्या हजारो कोटींत इचलकरंजीचे हप्तेही होते, आणि त्यातले काही आम्ही चालू ठेवले होते. या व्यवसायात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. मात्र त्याच काळात, 2025 च्या सुरुवातीच्या महिन्यांत, देशात नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या. खातं उघडून देणारे खूप आहेत. पडत्या बाजारात दार उघडून बसणारे कमी, आणि आमच्यासारख्या पेढीला वाव आहे तो तिथेच.

पुतणीने गेल्या काही वर्षांत अनिवासी ग्राहकांचं काम उभं केलं. इथली मुलं सिंगापूर, टोकियोला नोकरीला आहेत. टोकियोतल्या एका मुलाने तिला सांगितलं की त्याच्या कचेरीतले वयस्क लोक गुंतवणुकीचं नाव काढलं की गप्प बसतात. जपानी घरांची साधारण निम्मी आर्थिक मालमत्ता रोख आणि ठेवींत आहे. तिथल्या सरकारने जानेवारी 2024 पासून निसा नावाची करमुक्त गुंतवणूक योजना मोठी केली, वर्षाला 36 लाख येनपर्यंत. या मुलाला आम्ही काय सांगितलं? आधी तिथली निसा समजून घे, तिथे राहणार असशील तर ती भर, मग इथल्याचं बघू. त्यात आमचं कमिशन गेलं, पण त्याच्या आईवडिलांचे आणि सासरच्यांचे पैसे आज आमच्याकडे आहेत.

आता आमच्यापुढचं मोठं काम गावातच आहे. यंत्रमाग कामगाराला पगार आठवड्याला मिळतो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्याच्या खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो आणि बँक वर दंड कापते. पाचशेच्या हप्त्यावर शेकड्यांचा दंड बसला की तो माणूस पुन्हा आपल्याकडे वळत नाही. फेब्रुवारी 2025 पासून 250 रुपयांच्या एसआयपी निघाल्या आहेत. आम्ही साप्ताहिक हप्ता सुचवतो, पगाराच्या दुसऱ्या दिवशीचा. काहींचा टिकतो, काहींचा नाही, आणि पेढीच्या हिशेबात या ग्राहकांवर अजून खर्चच जास्त आहे. दिवाळीनंतर पुतणी कामगार वस्तीत संध्याकाळचं एक टेबल टाकणार आहे. घरखर्च बायका बघतात, म्हणून तिथे बोलायला आमच्याकडच्या दोघी मुलीच बसतील, आणि पहिले दोन महिने कोणाकडूनही फॉर्म भरून घ्यायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं आहे.