तुम्ही विचारलंत म्हणून: मीटिंगा कसल्या करता, पोरांना खायला घाला ना

सोसायटीच्या गणपतीत, लग्नात, परवा तर ठाणे स्टेशनवर लोकलची वाट बघताना सुद्धा तेच. "पोषणाच्या कामात समन्वय म्हणजे नक्की काय करतेस गं? त्या मीटिंगांच्या पैशात पोरांना दूध-अंडी द्या की." मी दरवेळी विषय बदलते, घरी येऊन चिडचिड करते. आज एकदाच लिहून टाकते.

अंडी आहेत हो. अंगणवाड्या 1975 पासून आहेत, आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा बायकांना अमृत आहारातून एक वेळचं चौरस जेवण आहे, मुलांना अंडी-केळी आहेत, अगदीच खालावलेल्या मुलासाठी पोषण पुनर्वसन केंद्र आहे. फक्त अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, पुनर्वसन केंद्र आरोग्य खात्याचं, रेशन तिसऱ्याचं, पाणी चौथ्याचं, आणि मूल मात्र एकच. 2018 ला देशभर पोषण अभियान आलं ते ह्या सगळ्यांना एकत्र बसवायलाच.

जानेवारी 2019. भिवंडी तालुक्यातली एक वीटभट्टी. दिवाळीनंतर मोखाडा-जव्हारकडची कुटुंबं येतात आणि पावसाच्या आधी परत जातात, तुम्ही नाशिक हायवेवरून जाताना त्या झोपड्या बघितल्या असतीलच. त्यातल्या एकीत 14 महिन्यांची मुलगी, दंडाला टेप लावली तर 11.2 सेंटिमीटर, साडेअकराच्या खाली म्हणजे लाल, अतितीव्र कुपोषण. आई पुन्हा पाच महिन्यांची गरोदर आणि पहाटेपासून विटा थापतेय. जवळच्या अंगणवाडीची सेविका म्हणाली, "ताई, हिचं नाव माझ्या यादीत नाही, आहार मोजून येतो, कुणाच्या वाट्याचं देऊ सांगा." गावाकडच्या सेविकेला फोन लावला तर ती म्हणाली नाव आहे पण मूल इथे नाही, गैरहजर लावलंय. दोघी खरंच बोलत होत्या. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत मोखाडा पण ठाणे जिल्ह्यातच होतं, आता ते पालघरमध्ये, म्हणजे ऑफिसं दोन, सह्या दोन.

आणि मी काय केलं, तर पत्र लिहिलं. दोन्ही ऑफिसांना, व्यवस्थित, माहितीचा तक्ता जोडून. आणि अकरा दिवस उत्तराची वाट बघत बसले. तेव्हा मला खरंच वाटायचं की एका मुलीसाठी नियम वाकवला तर बाकीच्यांसाठी कधीच रस्ता होणार नाही. बाराव्या दिवशी गेले तर तिच्या दोन्ही पावलांवर सूज होती, बोट दाबलं की खड्डा पडत होता. मग पत्रबित्र सगळं राहिलं, त्याच गाडीतून केंद्रात नेलं, भरतीही झाली. नाव कुठल्या यादीत आहे हे तिथे कुणीच विचारलं नाही.

तिथे साधारण 14 दिवस राहावं लागतं. चौथ्या दिवशी आई मुलीला घेऊन निघून गेली. बुडीत मजुरी मिळते हे मी तिला समजावलं होतं, ती म्हणाली, "ती मिळेल तेव्हा मिळेल, उचल घेतलीय, मुकादम आज विचारतो." वर मोठा मुलगा भट्टीवर एकटाच. पुढच्या आठवड्यात झोपडी रिकामी होती, दुसऱ्या भट्टीवर गेले म्हणे. कुठल्या ते कुणालाच सांगता आलं नाही. त्या मुलीचं पुढे काय झालं मला आजही माहीत नाही.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, एकीला गाडीत घालून नेलंस, बाकीच्या झोपड्यांचं काय, त्याला यादीच लागणार ना. तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. पण मग ते अकरा दिवस कुणाचे, ह्याचं उत्तर तिच्याकडे पण नाही.

2021 पासून पोषण ट्रॅकर आहे, ॲपवर नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येतं. चांगलंच झालं, पण त्याआधी कुणीतरी भट्टीवर जाऊन विचारायला लागतं की बाई तू कुठली. आणि आकडा विचाराल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं महाराष्ट्रात 2015-16 ला 25.6 टक्के होती, 2019-21 ला पण 25.6 टक्केच. मग मीटिंगांचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी पण हेच म्हणते.

दिवाळीनंतर परत ट्रक येतील. ह्या वर्षी कुटुंबं गाव सोडायच्या आधीच आम्ही गावांकडून नावं मागितलीत, गरोदर बायकांची वेगळी. चार गावांची आलीत. बाकीच्यांना आता पत्र पाठवत नाही, रोज सकाळी फोन करते.