ती ओळ माझीच होती
राखीच्या आदल्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली होती. सकाळी आईच्या मोतीबिंदूच्या डोळ्याची पट्टी निघायची होती आणि चार वाजता बंगलोरच्या एका कंपनीची शेवटची मुलाखत होती. ऑफिसात फक्त पट्टीचं सांगितलं होतं. मुलाखत इलिक्झरच्या कामासाठी. ही प्रोग्रामिंगची भाषा मी घरी, रात्री जागून शिकलो. पोट मात्र जावावर भरतं, तेही जावा ८, म्हणजे २०१४ सालचं.

साडेअकराला दवाखान्याच्या बाकावर फोन आला. "भिया, सब लटक गया!"

आमचं सॉफ्टवेअर खासगी बसची तिकिटं विकतं. राखीला अर्धं इंदूर भोपाळ नाहीतर पुण्याच्या वाटेवर असतं. आई आत, मी बाहेर, मांडीवर लॅपटॉप. सर्व्हर जिवंत, सीपीयू जवळजवळ रिकामा, तरी पान उघडेना. थ्रेड डम्प काढला, म्हणजे कोणतं काम कुठे अडकलंय त्याची यादी. आमचं जावा ज्यावर चालतं त्या टॉमकॅट सर्व्हरला वेगळं काही सांगितलं नसेल, तर तो जास्तीत जास्त २०० थ्रेड, म्हणजे एका वेळी एकेक काम करणारे हात, ठेवतो. आमचे झाडून सगळे एकाच ओळीवर उभे होते, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट बघत. गेटवे मंदावला होता आणि आमच्या कोडमध्ये टाइमआउटच, म्हणजे किती वेळ थांबायचं त्याचा आकडाच, नव्हता. जावाच्या जुन्या एचटीटीपी जोडणीत तो दिला नाही तर शून्य धरला जातो, आणि तिथे शून्य म्हणजे जन्मभर थांबा. ज्याला नुसतं गाडीचं वेळापत्रक बघायचं होतं, तोही त्यापायी ताटकळत होता.

ओळ कुणी लिहिली ते काढलं. माझंच नाव. तीन वर्षांपूर्वीचं.

इलिक्झर ज्या अर्लांग भाषेवर उभं आहे, ती एरिक्सन या टेलिफोन यंत्रणांच्या कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडली. एकाचा फोन अडकला म्हणून गावाचे फोन बंद पडून कसं चालेल? तिथे एका प्रोसेसनं, म्हणजे प्रोग्रामच्या एका स्वतंत्र चालणाऱ्या तुकड्यानं, दुसरीला कॉल केला, की काही न सांगताही पाच सेकंदांनी तो तुटतो. हे पुराण मी मित्रांना चहावर कितीदा लावलंय! आणि स्वतः लिहिताना एक आकडा टाकायला विसरलो.

घाईघाईत दोन सेकंदांचा टाइमआउट टाकणार होतो, पण मग पैसे कापले गेले नि तिकीट नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला असता. दहा सेकंद ठेवले आणि त्यानंतर गेटवेला व्यवहाराचं काय झालं ते विचारायचं, असं केलं. पाऊण तास गेला. तोवर आई काळा चष्मा लावून शेजारी येऊन बसली होती. "झालं का रे तुझं?"

चारच्या मुलाखतीत विचारलं, अलीकडे काय बिघडलं? सकाळचंच सांगितलं. पलीकडच्या बाई हसल्या. त्यांनीही कधीतरी हेच केलं होतं. गप्पा रंगल्या. मग कळलं, आठवड्यातून तीन दिवस तिथल्या ऑफिसात यावं लागेल. घरून चालेल का? नाही.

बायकोची इथे शाळेत कायमची नोकरी आहे. "तू जा, आम्ही बघतो," असं ती आधीच म्हणाली होती. ते 'आम्ही' मला दोन दिवस टोचत राहिलं. सोमवारी नकार कळवला. हळहळ अजून आहे, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात साहेबांकडे जावा २१ मागितलं. २०२३ च्या त्या आवृत्तीत व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे हजारोंनी काढता येणारे हलके थ्रेड, आहेत. टाइमआउट त्यानं आपोआप येत नाही, पण एका गेटवेपायी २०० जण खोळंबत नाहीत. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"दिवाळीनंतर बघू."