चारचा गजर आणि स्वप्नातली जाग

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. ते शिकताना पहिले २ आठवडे मी फक्त स्वप्नांची वही लिहिली. जाग आली की कूस न बदलता आधी आठवायचं, मगच लिहायचं. हालचाल झाली की स्वप्न पुसलं जातं. रोज एखादं स्वप्न आठवू लागेपर्यंत पुढे जाऊ नये, नाहीतर स्वप्नात भान आलं तरी सकाळी पत्ता नसतो. शिवाय पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या खुणा वहीतूनच सापडतात.

खरी मेख वेळेत आहे. स्वप्नांची रेम झोप, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात ती, सुमारे ९० मिनिटांच्या चक्रात येते. रात्रीच्या पहिल्या चक्रात ती थोडा वेळच टिकते, पहाटे साखरझोपेत लांबते. रात्री निजतानाच केलेले माझे प्रयत्न म्हणून वाया गेले. मग ११ ला निजून ४ चा गजर लावला. १० मिनिटं जागा, दिवा मंद, मोबाइल लांब. पुन्हा आडवं झाल्यावर नुकतंच पडलेलं स्वप्न मनात चालवायचं, खूण आली की तिथे आपण ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखतोय असं चित्र आणायचं, आणि ‘पुढच्या स्वप्नात हे माझ्या लक्षात येईल’ असं ठरवत झोपेत शिरायचं. ही अमेरिकी स्वप्न-संशोधक स्टीफन लाबर्ज यांची पद्धत. वाक्याचा नुसता जप केला तर काहीच होत नाही.

हे स्वप्न तर नाही ना अशी शंका आली की नाक चिमटीत धरून श्वास घ्यावा. स्वप्नात तो बहुधा आत जातो.

सुरुवातीला भान येताच आनंदाने जाग यायची. देखावा विरू लागला की तळहात एकमेकांवर घासायचे, भिंतीला हात लावायचा. स्वप्न थोडं टिकतं.

ताबा मिळतो, पण अर्धा. आपण कुठे वळायचं, काय बोलायचं हे ठरवता येतं. याचा पुरावाही आहे: १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात अशी स्वप्नं पाहणाऱ्या ॲलन वर्सली यांनी झोपेतून ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि संशोधक कीथ हर्न यांनी ते यंत्रावर नोंदवले. रेम झोपेत अंग लुळं असतं, डोळ्यांचे स्नायू मात्र सुटे असतात. पण देखावा हुकमाने बदलत नाही. दिव्याचं बटण दाबलं तरी अंधार बहुधा तसाच राहतो. देखावा अपेक्षेने बदलतो: हवं ते दाराआड आहे असं धरून दार उघडायचं.

आठवड्यातून दोनदाच गजर लावावा, झोपमोड वाईट. कधी झोपेतून जाग येताना अंग हलेनासं होतं. श्वास संथ ठेवला की थोड्या वेळात सुटतं.